ऑर्गनचे कान पिळता येत नाहीत

"अगं, मारतेस काय त्या बिचाऱ्याला?"

मागून आवाज आला तेव्हा मी आमच्या बेथेल चॅपलच्या ऑर्गनला दुसरी लाथ घालत होते. दमट हवेत त्याचा एखादा स्वर अडकायचाच. पट्टीवरून बोट उचललं तरी आत कुठेतरी एक नळी भोंग्यासारखी वाजत राहायची.

"बिचारा? सकाळपासून एकच रडगाणं लावलंय मेल्यानं!" म्हणत मी वळले.

दारात एक उंच मुलगा उभा होता. खांद्यापर्यंत केस, त्यांतून पाणी टपकतंय, आणि जांभळी मखमली पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. मार्च महिन्यात, वेल्समधल्या ब्रेकनच्या डोंगरात, मखमल!

"आमची गाडी रुतलीय खाली," तो म्हणाला. "ढकलायला माणूस शोधत होतो. तू चालशील. लाथेत जोर आहे."

"आधी माझं काम. त्या शिडीवर चढा आणि बोंबलणारी नळी उपसून काढा."

चढला की मुकाट्यानं! आतून विचारणा सुरू झाली. "ही?" "नाही." "मग ही?" "अहो, डावीकडची! डावा हात माहीत आहे ना?" मग एकदम शांत झालं. तान्हं बाळ धरावं तशी ती नळी छातीशी धरून तो खाली उतरला. नाकाच्या शेंड्यावर शंभर वर्षांची धूळ होती. मला ते नाक तिथल्या तिथे आवडलं, खोटं कशाला बोलू?

तो कॉलिन हिंगली, बर्मिंगहॅमचा. 'ओल्ड फर्नेस' नावाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. ग्रिफिथ्सच्या शेतावरच्या गोठ्याचा कुणीतरी रेकॉर्डिंगसाठी स्टुडिओ केला होता आणि ही चौकडी तिथे आपला अल्बम करायला आली होती. गावात त्यांना नाव नव्हतं, 'तो आवाज' म्हणायचे. "तो आवाज आज लवकर सुरू झाला," असं.

आणि मी एलुनेड प्रॉसर. आठवडाभर पोस्टात तिकिटं विकायची, रविवारी चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायचा. पण माझा ऑर्गन कुणी ऐकत नसे. सगळे त्याच्यावर गात. आमच्या वेल्समध्ये गाणाऱ्यांना तोटा नाही, ऐकणाऱ्यांचा मात्र दुष्काळ आहे.

कॉलिनने ऐकलं. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. ऑगस्टच्या उकाड्यात ऑर्गनचा सूर चढतो आणि गाणाऱ्या बायका कुरकुरतात, हे माझं रडगाणंही त्याने ऐकून घेतलं. मागच्या बाकावर बसायचा, डोळे मिटून. एकदा मला वाटलं झोपला.

"झोपलास?"

"छे. आमच्या शेवटच्या गाण्याची सुरुवात शोधतोय. सापडली बहुतेक." त्याने डोळे उघडले. "तू वाजवशील? आधी फक्त तू... आणि मग आम्ही तुझ्यावर कोसळायचं."

"मी? तुमच्या रेकॉर्डवर?"

"माझ्या रेकॉर्डवर," तो ऐटीत म्हणाला. "गोठ्यात सगळे माझ्या गिटारशी सूर लावतात."

"आणि तू कुणाशी लावतोस?"

"मी? मी कुणाशीच नाही."

"तरीच!" मी म्हटलं. तो हसला, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

चॅपलची सूत्रं माझ्या बाबांच्या हाती. त्यांनी कॉलिनला आपादमस्तक न्याहाळलं, विशेषतः मखमल. "वाजवू दे पोरीला. पण रविवारी चौघांनीही प्रार्थनेला यायचं. आणि नुसतं बसायचं नाही, गायचं!" चौघे आले. चौघे गायले. एवढे ढोल बडवणारा त्यांचा ड्रमर, पण तिसऱ्याच कडव्याला ढसाढसा रडला, आणि बायकांनी त्याला बारा ब्रिथ, आमचा मनुकांचा पाव, खाऊ घालून शांत केलं.

मग तो दिवस उजाडला. गोठ्यापासून चॅपलपर्यंत शेतातून वायर ओढली, आणि माझ्या कानांवर हेडफोन चढवले. कॉलिनच्या गिटारी आधीच टेपवर होत्या. त्यांच्याबरोबर मला वाजवायचं होतं. इशारा झाला, मी पट्ट्या दाबल्या. सगळंच बेसूर!

चूक कुणाचीच नव्हती आणि सगळ्यांचीच होती. गिटारची खुंटी पिळली की सूर चढतो, उतरतो. ऑर्गनचे कान असे पिळता येत नाहीत. त्यातून आमचं चॅपल बर्फासारखं गार, आणि गारठ्यात नळ्यांचा सूर उतरतो. एवढे मोठे वाजवणारे, पण कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

त्यांचा निर्माता डेस्मंड लंडनहून आला होता. तो कॉलिनला घेऊन चॅपलमध्ये आला आणि गोड आवाजात म्हणाला, "राहू दे, बाळ. लंडनमध्ये विजेचं यंत्र आहे, त्यावर असला आवाज काढता येतो. धन्यवाद हं."

मी कॉलिनकडे बघितलं. तो आता बोलेल... आता बोलेल... पण तो मूग गिळून बुटांकडे बघत राहिला. मी हेडफोन काढून ठेवले आणि पावसात तशीच घरी गेले. रडले. यंत्रासाठी नाही, त्या बुटांसाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा पोस्टात आले. "एलुनेड, चॅपलमध्ये जाऊन बघ. तुझ्या मखमलीला वेड लागलंय."

गेले. दार उघडलं तर ऊब अंगावर आली. गावातले झाडून सारे रॉकेलचे हीटर बाकांमधून मांडले होते! गावातल्या म्हाताऱ्या कोट काढून विणत बसल्या होत्या, आणि घामाघूम कॉलिन शेवटचा हीटर पेटवत होता.

"दारोदार फिरून आणले," तो उभा राहत म्हणाला. "तूच म्हणाली होतीस ना... ऑगस्टमध्ये ऑर्गन चढतो आणि बायका कुरकुरतात? म्हणून इथे ऑगस्ट आणला."

"काल जीभ कुठे ठेवली होतीस?"

म्हाताऱ्यांच्या सुया थांबल्या.

"घाबरलो," तो म्हणाला. "डेस्मंड म्हणाला असता, पोरीसाठी गाणं बिघडवतोय. आणि ते निम्मं खरं होतं... पोरीसाठी, एवढंच. गाणं तुझ्याशिवाय बिघडतं, हे बोलायला हवं होतं. नाही बोललो. आता बोलतोय."

मी ऑर्गनपुढे बसून पट्टी दाबली. सूर चढला होता, पण पुरता नव्हे. हेडफोनमधल्या गिटारीपेक्षा अजून केसभर खालीच.

"केसभर बेसूर म्हणजे बेसूरच," दारातून डेस्मंड म्हणाला.

"मग माझ्या गिटारी पुसून टाक," कॉलिन म्हणाला. "मी आणि बास गिटारवाला पुन्हा वाजवू. गायकाचं रेकॉर्डिंग अजून व्हायचंच आहे, आणि ड्रमरला कुठे सूर कळतो!"

"सगळं पुन्हा? कॉलिन, शुद्धीवर आहेस ना?"

"सगळं."

त्याने गिटार गळ्यात घातली, माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "सूर दे, एलुनेड."

मी दिला. तो खुंट्या पिळत राहिला, एकेक तार माझ्या स्वराशी लावत. नजर मात्र माझ्यावरून हलली नाही. शेवटची तार मिळाली तेव्हा एका म्हातारीने मोठ्याने उसासा टाकला. तेवढ्यात गाणं सुरू करावं लागलं, नाहीतर मी सगळ्यांसमोर रडले असते.

आठवडा संपला आणि ते गेले. पुढे अमेरिकेचा दौरा होता. मी "येशील का?" विचारलं नाही; मानी आहे मी. तोही नुसतं "थंडी पडू दे," एवढंच म्हणाला. मला ते मुळीच कळलं नाही, आणि सगळा उन्हाळा मी त्याच्या नावाने बोटं मोडली.

शरदात रेकॉर्ड आली. नाव होतं 'बेथेल'. बाबांनी ती स्वतःच्या हातांनी लावली. शेवटच्या गाण्याआधी हीटरची बारीक फुरफुर, सुयांची टिकटिक, आणि मग स्पष्ट त्याचा आवाज, "सूर दे, एलुनेड." मग मी. पहिल्यांदा माझ्यावर कुणी गात नव्हतं. बाबांनी चष्मा पुसला. "बरं वाजवतेस की गं तू," म्हणाले.

नोव्हेंबरात एका सकाळी मी बोटांवर फुंकर मारत चॅपलमध्ये वाजवत होते. दार करकरलं. केस तेवढेच लांब, पँट मात्र साधी, आणि काखेत नवा कोरा हीटर.

"गारठा पडला," कॉलिन म्हणाला. "म्हटलं, ऑर्गन उतरला असेल."

"उतरलाय."

"मी हिवाळाभर राहीन म्हणतो. ग्रिफिथ्सने खोली दिलीय. तो... चढेपर्यंत."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात तू माझ्याबरोबर येशील का? प्रेम आहे माझं तुझ्यावर. आज बुटांकडे बघत नाहीये, बघ."

खरंच बघत नव्हता. माझी बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली होती आणि एक स्वर कधीपासून वाजत होता. यावेळी तो अडकला नव्हता. मीच सोडला नव्हता.

"येईन," मी म्हटलं. "आता आत ये आणि दार लाव. ऊब जातेय बाहेर."