शटर उघडं असेपर्यंत

फांदी मोडल्याचा आवाज मला आला, मग दादाला कसा आला नाही? डॉक्टरांना विचारलं, वनरक्षकाला विचारलं. आई तर विषय निघाला की उठून आत जाते.

दादा फोटोग्राफर. मी शाळा सोडली तेव्हापासून त्याच्याच स्टुडिओत पडेल ते काम करायचो. जंगलाचे फोटो मात्र मला जमेनात. तो हसायचा.

"भुंग्या, सगळी झाडं एकाच फोटोत कोंबतोस. बस आहे का ती? एक खोड धर. धुक्यात ये, बाकीची आपोआप मागे विरतात."

त्या सकाळी धुकं होतं. उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवायचं होतं. झाडाची उंची कळावी म्हणून दादा स्वतःच बुंध्याशी जाऊन उभा राहिला. दोनदा हलला, दोनदा फोटो फुकट गेला. मी वैतागलो.

"मी झालं म्हणेपर्यंत हलायचं नाही!"

"बरं, साहेब."

वर काहीतरी कडकडलं. मी ऐकलं. पण फोटो छान येत होता. मी झालं म्हटलं नाही.

शटर मिटलं आणि फांदी दादावर आली.

फोटो खरंच छान आलाय. दादा अगदी रेखीव. नुसते डोळे पुसट. वर वळलेले.

काल मी तिथे परत गेलो. ट्रायपॉड राहिलाय, घेऊन येतो, असं आईला सांगून. तो तसाच उभा होता. ओल्या पाचोळ्याचा कुबट वास. एकही पाखरू ओरडत नव्हतं. काय सुचलं कोण जाणे, मी कॅमेरा चढवला आणि रिकाम्या झाडाचा फोटो घेतला.

स्क्रीनवर बुंध्याशी दादा उभा होता. रेखीव. डोळे पुसट.

मान वर केली. झाडापाशी कोणी नव्हतं.

पुन्हा घेतला. पुन्हा तो. तसाच, ताठ.

"दादा... झालं रे... हल आता..."

पुढच्या फोटोत नुसतं झाड आलं.

मग पाचोळा दबू लागला. सावकाश. झाडाकडून माझ्याकडे, बाजूनं वळून माझ्या मागे. तिथे दबायचा थांबला. मानेला गार लागलं.

मी वळलो नाही. कॅमेरा काढून हातात घेतला आणि जरा उंच धरला, मागून त्याला स्क्रीनवरचा फोटो नीट दिसेल असा.