किल्ली आधी कुणाची

दुकान रिकामं होतं, पण आतला माणूस मात्र भलताच कामात होता.

जेवणाच्या सुट्टीत ती नुसती डोकवायला म्हणून आली होती. काचेला नाक टेकवून पाहते तर आत एक तरुण उभा. समोर कुणीच नाही. तरीही तो मान तिरपी करून दोन बोटांनी हवेतली बट उचलत होता आणि दुसऱ्या हाताच्या बोटांची कात्री करून ती कापत होता. मग जरा मागं सरून त्यानं त्या नसलेल्या डोक्याकडे समाधानानं पाहिलं, आणि नसलेल्या खांद्यांवरचे नसलेले केस हलकेच झटकले.

ती फस्सकन हसली. काचेवर वाफ धरली.

त्यानं वळून पाहिलं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. तरी पुढं होऊन त्यानं दार उघडलं. "या ना. बसा."

"कुठे?"

"खुर्चीवर. अजून आलेली नाही, पण येईल."

"आणि खाली पडले तर?"

"तर मी आहे ना... म्हणजे, उचलायला." त्याची नजर तिच्या कपाळावरच्या केसांवर अडकली. "हे कुणी कापलेत?"

"मीच. का?"

"काही नाही. धाडसी आहात."

तिला राग यायला हवा होता. आलाच नाही. ती आत आली, भिंतीवर हात फिरवला, खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा अंदाज घेतला. इथे शिलाईचं मशीन, इथे चामड्याची गुंडाळी, इथे गिऱ्हाइकाला टेकायला फळी... मनातल्या मनात तिचं सगळं मांडून झालं होतं.

"तुमचा खेळ संपला असेल तर मला जरा मापं घ्यायची आहेत," ती म्हणाली. "हे दुकान मी घेणार आहे."

त्याचं हसू तिथल्या तिथे विझलं. "तुम्ही? अहो, पण ते तर मी..."

"काय ते मोठ्यानं बोला! कुजबुज चालणार नाही!"

जिन्यावरून मालकीणबाई उतरत होत्या. आयुष्यभर शाळेच्या मैदानावर मुलांना पळवण्याचं काम केलेल्या. निवृत्त होताना शिट्टी शाळेत ठेवून आल्या, आवाज मात्र बरोबर घेऊन आल्या. दोघांचं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले.

"आधीचे भाडेकरू हौशी निघाले. नोकरी सांभाळून दुकान! मनात आलं की उघडायचं, नाही आलं की कुलूप. मला रोज उघडणारं दुकान पाहिजे. एक पाय इकडे, एक पाय तिकडे, असला माणूस नको. तुमच्यातलं जे आधी नोकरी सोडून येईल, किल्ली त्याची. चला, निघा!"

दोघं रस्त्यावर आली. आपापल्या नोकरीकडे जाणारा रस्ता नेमका एकच होता, त्यामुळे कोण कुठे काम करतं तेही चालता चालता कळलं.

ती एका मोठ्या बॅगांच्या शोरूममध्ये तक्रारीच्या खिडकीवर बसायची. कुणाचं चाक निखळलेलं, कुणाची चेन अडकलेली. तिनं सगळ्यांना गोड आवाजात सांगायचं, "हे दुरुस्त होत नाही, नवीन घ्या." ते दुरुस्त होतं हे तिला ठाऊक असायचं. घरी ती दार लावून मैत्रिणींच्या, शेजारणींच्या बॅगा शिवत बसे. तिला स्वतःचं दुकान हवं होतं. साधी पाटी, खाली एकच ओळ : आधी दाखवा, मग टाका.

घरी मात्र याचा ब्र काढायची सोय नव्हती. तिच्या वडिलांचं एकेकाळी विजेच्या सामानाचं दुकान होतं. ते बुडालं. तेव्हापासून त्या घरात 'दुकान' हा शब्द शिवीसारखा झाला होता. तिला पक्की नोकरी लागली, त्या दिवशी बाबा कित्येक वर्षांनी पोटभर जेवले होते. त्यांना काय सांगायचं, आणि कोणत्या तोंडानं?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती दुकानाच्या पायरीवर पोचली तर तो डबा उघडून आधीच बसलेला.

"काय तक्रारबाई, दिला राजीनामा?"

"साहेब रजेवर आहेत. तुम्ही, कात्रीवाले?"

"आमचे साहेब रजेवर जातच नाहीत. म्हणून धीर होत नाही."

मग ते रोजचंच झालं. पायरीच्या या टोकाला ती, त्या टोकाला तो, मध्ये डबे. हळूहळू डबे बाजूला झाले. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा तुटलेला होता आणि सेफ्टी पिनेवर तग धरून होता. तिची नजर सारखी तिकडे जायची.

"माझ्याकडे बघता की पिशवीकडे?" एकदा त्यानं विचारलंच.

"पिशवीकडे."

"आणि माझ्याकडे?"

"तिची दैना पाहून डोळे भरून येतात हो. तुम्ही दिसतच नाही."

तो खळखळून हसला. हसताना डोळे मिटायचा. ती चोरून पाहायची ती नेमकी तेव्हाच.

तो चौकातल्या बड्या सलूनमध्ये कामाला होता. ओळीनं खुर्च्या, कानठळ्या बसवणारी गाणी, एक डोकं संपायच्या आत दुसरं हजर. "मला एकच खुर्ची हवी," तो म्हणाला. "एका वेळी एक माणूस. त्याला बोलायचं असेल तर बोलेल, नाहीतर गप्प बसेल. मागं एका आजारी काकांचे केस कापायला त्यांच्या घरी गेलो होतो. कितीतरी दिवस अंथरुणात होते. झाल्यावर आरसा धरला तर म्हणाले, 'अरे, हा तर मीच आहे की!'" तो जरा थांबला. "त्यानंतर मला त्या सलूनमध्ये करमतच नाही."

ती त्याची बोटं पाहत राहिली. त्यांना साबणाचा मंद वास होता, आणि वारा आला की तो तिच्यापर्यंत पोचायचा.

एके दिवशी पायरी रिकामी होती. तो आला नाही. मालकीणबाईच खाली आल्या.

"तुझी शर्यत संपली गं. पोरगा काल संध्याकाळी येऊन गेला. म्हणाला, दुकान त्यांनाच द्या, मी नाव मागं घेतो. आता तू राजीनामा दे आणि किल्ली ने."

तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा चौकातल्या सलूनमध्ये शिरली. भिंतभर आरसे होते, प्रत्येकात तिचाच संतापलेला चेहरा. गिऱ्हाइकांनी तोंडाला साबण फासलेल्या अवस्थेत माना वळवल्या.

"मी मागितलं होतं का?" ती कडाडली.

तो हातात कंगवा धरून थिजला. "मला वाटलं, तुम्हाला जास्त गरज—"

"गरज? तू मोजलीस? तुझं स्वप्न म्हणजे काय जुनी छत्री आहे, पाऊस दिसला की दुसऱ्याच्या हातात द्यायला?"

तिनं पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हटलं होतं, आणि तेही भांडताना. ते दोघांच्याही लक्षात आलं.

"मग काय करू?" तोही पेटला. "तुझ्याविरुद्ध धावू?"

"हो, धाव! जीव तोडून धाव! हरले तर हरेन. पण तू वाट सोडलीस म्हणून मिळालेल्या दुकानात मी एक दिवस सुखानं बसू शकेन का? आणि तू? उद्या त्या दुकानावरून जाताना माझ्याकडे मान वर करून बघशील?"

"मला तुझ्याशी शर्यत लावायचीच नाहीये. मला... मला तुझ्या शेजारी..."

"शेजारी काय ते नंतर!" गल्ल्यावरून साहेब ओरडले. "गिऱ्हाइकाची अर्धी मिशी राहिलीय!"

ती बाहेर पडली. 'शेजारी...' पुढं काय होतं? पण आता ते ऐकत बसायला तिला सवड नव्हती. दुसऱ्याला धाव म्हणणारीनं आधी स्वतः पाऊल टाकायला नको?

संध्याकाळी बाबा चहा घेत बसले होते. ती समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, मी नोकरी सोडतेय. दुकान काढणार आहे. बॅगा दुरुस्तीचं."

आईच्या हातातलं भांडं वाजलं. बाबांनी कप खाली ठेवला. "मी कसा तोंडावर आपटलो ते विसरलीस?"

"नाही. तुम्ही आपटलात ते पाहिलंय, आणि उठून उभे राहिलात तेही पाहिलंय. तुम्हाला फक्त पहिलंच आठवतं."

"बुडालीस तर?"

"तर पोहायला शिकेन. काठावर बसून तर कुणी शिकत नाही ना?"

बाबांनी कप दूर सारला. "मी बघायला येणार नाही," एवढंच म्हणाले.

"नका येऊ," ती म्हणाली. पण शब्द मागं घेतला नाही.

सकाळी तिनं राजीनामा साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोनदा विचारलं, तिनं दोनदा तेच उत्तर दिलं. मग पर्स खांद्याला लावली आणि खरोखरच धावत सुटली. लोक वळून पाहत होते. पाहू देत.

पायरीवर तो उभा होता. घामानं निथळत, धापा टाकत. मुठीत किल्ली.

"तू म्हणालीस... धाव," तो कसाबसा बोलला. "धावलो."

तिला रडू फुटेल असं वाटलं, आणि फुटलं ते हसू. हरली होती ती, पण त्याच्या नजरेत अजिबात कीव नव्हती. तिला हवं होतं ते हेच.

"अर्धं दुकान तुझं," तो घाईघाईनं म्हणाला. "इकडे खुर्ची, तिकडे मशीन—"

"नको. माझं दुकान माझंच असेल. टीचभर असलं तरी चालेल."

"पण नोकरी तर सोडलीस!"

"म्हणून तर आता मिळेलच."

मिळायला वेळ लागला. ती रोज एक रस्ता धरायची आणि दारोदार विचारत जायची. कुणी जागा नाकारली, कुणी एकटी बाई पाहून भलतेच प्रश्न विचारले. पायांना फोड आले, जिद्दीला मात्र आले नाहीत. आणि शेवटी जागा सापडली ती कुठे, तर त्याच्याच दुकानासमोर, रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या जिन्याखाली. झाडू ठेवायची खोली होती ती. उभं राहिलं की डोकं छताला टेकायचं. तिनं बसूनच काम करायचं ठरवलं.

जागा साफ करत होती तेव्हा दारात सावली पडली. बाबा. हातात पक्कड आणि वायरचं वेटोळं.

"बघायला नाही आलो," ते तिच्याकडे न पाहता म्हणाले. "इथे दिवा नसेल तर डोळे फोडून घेशील. म्हणून आलो."

मग ते मान वाकवून छताला वायर ठोकू लागले. ती शेजारी वायरचं वेटोळं धरून बसली. दिवा लागला तेव्हा त्यांनी तो दोनदा बंद-चालू करून पाहिला.

दोन्ही दुकानं चालू लागली. धो धो नाही, पण रोज. तिला मशीनवरून मान वर केली की पलीकडे त्याची ती एकुलती एक खुर्ची दिसे, आणि त्याला आरशात तिचा दिवा. गिऱ्हाईक नसलं की तो कात्री वाजवून विचारी, "काही तक्रार?" ती मान हलवून 'नाही' म्हणे आणि उगाच चेन वर-खाली करत बसे.

एका दुपारी तो रस्ता ओलांडून आला आणि वाकून जिन्याखाली शिरला.

"एक विचारायचं होतं... भागीदारीचं."

"दुकानात? सांगितलंय ना, नाही म्हणून."

"दुकानात नाही." कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "त्या दिवशी साहेबांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मला तुझ्या शेजारी राहायचंय. कायमचं. दुकान तुझं तुला, माझं मला. पण संध्याकाळी कुलूप लावल्यावर... घरी एकत्र जायचं?"

तिच्या हातातली सुई थांबली. तिनं दोरा दातानं तोडला, काम बाजूला ठेवलं आणि मान वर करून सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"तिथे भागीदारी चालेल मला," ती म्हणाली. "पण अट आहे. लग्नासाठी दुकानं एकच दिवस बंद राहतील."

"दोन दिवस!"

"मालकीणबाई ओरडतील."

"दीड?"

"दीड," ती म्हणाली, आणि तिनं त्याच्यापुढं हात केला.