टोपलीतला हिरवा ठसा

"उचल न वो वाटी, गुड्डी! पोळ्याची सुट्टी सरून जाईल तुह्या प्रयोगात!" टीना ओरडली.

गुड्डीने वाटी उचलली. कालपासून दोन अळिंब्यांच्या टोप्या कागदावर पालथ्या होत्या. अर्धा कागद काळा, अर्धा पांढरा. टोपीखालच्या पात्यांतून बीजाणू झडतात, त्यांच्या रंगावरून जात ओळखायला मदत होते, असं शाळेच्या शिबिरात सरांनी शिकवलं होतं.

एका टोपीखाली फिकट गुलाबी ठसा. दुसरीखाली चक्क हिरवा!

"एकाच टोपलीतल्या न दोन्ही?" आठवीतला सचिन दचकला. "मग जाती दोन कशा? हिरव्या बीजाणूवाली तर विषारी असते, सर बोलले होते!"

काल मंदामामीने गुड्डीला पहिल्यांदाच सोबत नेलं होतं. वारुळावर सात्या, म्हणजे खायच्या अळिंब्या, उगवतात ती जागा घरातल्यांशिवाय कुणाला दाखवत नाहीत. टोपली अर्धीच भरली, म्हणून गुड्डीने शेणखताच्या ढिगाजवळच्या तशाच पांढऱ्या छत्र्या गुपचूप त्यात मिसळल्या. आणि मामीने शेजारणींपुढे तिचं केवढं कौतुक केलं होतं!

"टोपली कुठं हाय?" टीनाने विचारलं.

"मामीनं सकाळीच भूपेंद्रकाकाच्या हॉटेलात देल्ली," गुड्डी पुटपुटली. छत्र्यांचं न सांगताच ती सायकलीकडे धावली.

सायकली सुसाट सुटल्या! करडी गावच्या स्टँडवरच्या हॉटेलात कढई रटरटत होती. बाकावर सहा गिऱ्हाइकं भाकरी मोडून वाट पाहत होती.

"काका, थांबा! ह्या दोन जातीच्या हायेत!" सचिनने कागद पुढे केला.

"ही तं धूळ हाय बे! लसूण टाकून पायला मी. काळा नाही पडला, म्हणजे चांगल्या! चाळीस साल झाले खाऊन राहिलो."

"लसणानं काहीच समजत नाही!" सचिन म्हणाला.

टीनाने डोळे मिचकावले. "मंग पयली वाटी तुम्हीच खा न, काका!"

"खातो की! भेतो काय?" काकांनी खरंच वाटी भरली, फुंकर मारली आणि घास उचलला.

डाव उलटाच पडला! गुड्डीने झडप घालून वाटी हिसकली. रस्सा तिच्या हातावर सांडला.

"काका, मीच मिसळवल्या! शेणखताजवळच्या! मामीले माहीत नाही!"

काकांनी आधी गॅस बंद केला, मग तिचा हात पाण्यात धरला. "लय भाजलं का, बाई?"

तोवर पोरांच्या सायकलींमागे धावत निघालेली मंदामामी धापा टाकत पोचली. सगळं ऐकून तिने कढई स्वतः उचलली, मागच्या खड्ड्यात ओतली आणि कोंबड्या उकरू नयेत म्हणून वर भरपूर माती लोटली. दोघींची एका पहाटेची मेहनत.

"पण पोरं हुशार निघाली!" काका म्हणाले. "कागदावर धूळ पाडून सहा जीव वाचवले! माह्या लसणानं तं मारलं असतं!" गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. सचिन, टीना फुलले. गुड्डी मात्र चपलेच्या पट्ट्याकडे पाहत राहिली.

"मामी, बोल न काही. रागव तरी."

"काल शेजारणीयले तुहं कौतुक मी सांगितलं. आज खरं काय ते तू सांगशील."

"सांगीन. अन्... उद्या वारुळावर?"

मामीने तिच्या भाजलेल्या हाताकडे पाहिलं. "येजो. टोपली मीच धरीन. पण घरी आल्यावर ठसे तूच काढजो. मले त्यातलं काही समजत नाही."