निळ्या खुणेचा काटा

"माणसाच्या आयुष्यात एकदाच असा क्षण येतो, की दैव स्वतः दारात उभं राहून विचारतं: बोल, मालक व्हायचंय की जन्मभर नोकरच राहायचंय?" काटेसाहेब आरशासमोर उभे राहून म्हणाले.

"त्याला म्हणावं, थांब जरा. आमच्या ह्यांनी शर्ट उलटा घातलाय," बायको आतून म्हणाली.

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे निरीक्षक म्हणून उभी हयात दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. निवृत्तीनंतर बायकोनंही ते उचललं. काटा खरा निघाला की पारडं उलटं करून त्याच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची, ही साहेबांची सवय. देवावर त्यांचा विश्वास जेमतेम होता, त्या खुणेवर मात्र पूर्ण.

आता प्रश्न होता धुलाईच्या एका मोठ्या साखळीतली शाखा विकत घ्यावी की नाही, हा. किलोवर कपडे घ्यायचे, धुऊन, इस्त्री करून परत द्यायचे. आयुष्यभराची पुंजी त्यात जाणार. लेक दूरच्या शहरात. तिची मुलगी दिवस भरायच्या आधीच झालेली, अंग धरत नव्हती. उद्या लेकीला गरज पडली आणि आपले हात रिकामे असले तर? बायकोचं म्हणणं वेगळं होतं. "घरी बसून माझे साखरेचे डबे तपासता, त्यापेक्षा दुकान बरं. आणि हातपाय हलले तर लेकीला दोन पैसे जास्तच देऊ."

कंपनीचा माणूस आला, तेव्हा त्याचं हसूसुद्धा इस्त्री केलेलं होतं. "साहेब, आमच्या सगळ्या शाखा सारख्या. एकीत गेलात की सगळ्यांत गेलात."

"तपासून बघतो," साहेब म्हणाले.

पोस्टाजवळच्या शाखेत ते सकाळीच गेले. ओल्या कापसाचा वास, वाफेचे सुस्कारे, मागच्या खोलीला हिरवा पडदा, आणि मधल्या टेबलावर गोल तबकडीचा वजनकाटा. खिशातलं पितळी वजन त्यांनी ठेवून पाहिलं. सुई जिथं थांबायला हवी तिथंच थांबली. पारडं उलटं करून त्यांनी खूण केली. शेवटच्या फटकाऱ्याला पेन्सिलीचं टोक मोडलं आणि खुणेला एक वाकडं शेपूट आलं.

दुपारी ते पुलापलीकडच्या शाखेत गेले. तोच वास, तसाच पडदा. कौतुकच वाटलं त्यांना. मग पारडं उलटं केलं.

खाली निळी खूण होती. शेपूट वाकडं.

"पहिल्यांदाच आलात?" काउंटरमागच्या बाईंनी विचारलं.

"हो. म्हणजे, तसं म्हणायला हरकत नाही."

एक गिऱ्हाईक चादरींचं गाठोडं घेऊन आलं. पारडं रिकामं, तरी सुई हळूच वर गेली, थबकली, खाली आली. बाईंनी तोवर गाठोडं हातातच धरून ठेवलं.

"असं का थांबलात?"

"कुणीतरी मोजत असतं कुठंतरी," बाई म्हणाल्या. "झालं की आपली पाळी. मधे हात घालायचा नाही, एवढंच. बाकी धंदा चांगला आहे हो. एकटं वाटत नाही कधी."

घरी येऊन साहेबांनी सगळं सांगितलं. "ऊन लागलं असेल," बायको म्हणाली, आणि मग स्वतःच लेकीला फोन लावला. लेकीच्या इमारतीखाली त्याच साखळीचं दुकान होतं. बाळाचं वजन ती तिथल्याच काट्यावर करायची. घरच्या काट्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हे तिला बापानंच शिकवलेलं.

"काट्याच्या पारड्याखाली बघ गं जरा. का ते विचारू नकोस," साहेब फोन हातात घेऊन म्हणाले.

लेक खाली गेली. फोनवर वाफेचा सुस्कारा ऐकू आला. मग पारडं उलटल्याचा खणखणाट.

"बाबा, तुम्ही इथं येऊन गेलात?" तिचा आवाज बारीक झाला होता. "आणि वर नाही आलात?"

त्या रात्री साहेबांनी ठेवणीतल्या कायद्याच्या पुस्तकाची सगळी कलमं आठवून पाहिली. खोट्या काट्याला शिक्षा होती. एकच खरा काटा अनेक ठिकाणी असण्याबद्दल कायदा गप्प होता.

"काय ठरलं?" सकाळी बायकोनं विचारलं.

"घेऊ या."

"भीती नाही ना वाटत?"

"वाटते. पण काटा चोख आहे."

दुकान सजलं. हिरवा पडदा लागला. नवा काटा कारखान्याच्या सीलबंद खोक्यातून आला. साहेबांनी पारडं उलटं केलं, पाहिलं, आणि खिशातली निळी पेन्सिल न काढताच जागेवर बसवलं.

पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधीच लेकीचा फोन आला. "आई, बाळाला घेऊन खाली आलेय. ठेवते हं पारड्यात."

दुकानात दोघंच होती. पारडं रिकामं होतं.

सुई हलली. वर चढली, लेकीनं गेल्या खेपेला सांगितलेल्या आकड्याच्या चांगली पुढे गेली. थांबली. मग थरथरू लागली, बारीक, अनियमित, कुणी पाय झाडावेत तशी.

बायकोनं पदर तोंडाला लावला.

साहेब उठले. पुलापलीकडच्या बाईंनी काय सांगितलं होतं ते त्यांना पक्कं आठवत होतं. तरी हात पुढे झाला. तळवा पारड्यावर टेकला.

पत्रा कोमट होता.

"वाढलं का गं?" बायकोनं फोनमध्ये विचारलं.

"वाढलंय, आई! खूपच..."

लेक थांबली. मग लहानपणी म्हणायची तशा वैतागलेल्या सुरात म्हणाली,

"बाबा, काट्यावरचा हात काढा बघू. खरं वजन कळू दे."