उरलेली बुरशी

पहिल्या वर्षी औषध फवारलं, बुरशी मेली.
पाचव्या वर्षी तेच औषध फवारलं, बुरशी मेली नाही.
बाटली तीच, मात्रा तीच. मग बदललं काय?

सन २०७१. कोरेगावच्या बीजशाळेत शर्वीच्या ताब्यात ठिपक्यांच्या घेवड्याची एकोणीस झाडं होती. जगात या वाणाची तेवढीच उरली होती. त्यांतल्या आठांच्या खोडांवर कापसासारखी पांढरी बुरशी चढली.

"दुप्पट फवार," ती टोळला म्हणाली. टोळ म्हणजे शेतात उड्या मारत काम करणारा सहा पायांचा यंत्रमानव.

"पानं करपतील, बाईसाहेब."

"विचारलंय तुला?"

टोळने फवारलं.

पानं करपली.

बुरशी तशीच.

शर्वीने पंप बांधावर आपटला. "बिनडोक आहेस तू."

"म्हणून तर सांगितलेलं केलं," टोळ म्हणाला. "आता ऐका. बुरशीच्या लाखभर बीजाणूंत (धुळीएवढ्या बारीक बियांत) दहा चिवट असतात. औषधाने बाकीचे मरतात. उरतं कोण?"

"ते दहा."

"मग पुढच्या वर्षी पिल्लावळ कुणाची?"

शर्वीची कानशिलं तापली. "म्हणजे पाच वर्षं आम्हीच चिवट बुरशी निवडत बसलो?"

"औषध पचवून जगायची ही ताकद, म्हणजे प्रतिकारक्षमता. तुम्हीच वाढवलीत."

"गोड बोलायला शिकवलं नाही का तुला कुणी?"

"नाही."

मग वेगळ्या रीतीने मारणारं काहीतरी हवं होतं. तिने काचेच्या तीन बशांत पांढरी बुरशी वाढवली.

बशी एक: जुनं औषध. बुरशी काठापर्यंत पसरली.

बशी दोन: लसणाचा अर्क. दोन दिवस थांबली. तिसऱ्या दिवशी पसरली.

बशी तीन: ट्रायकोडर्मा (दुसऱ्या बुरशीला खाणारी हिरवी मित्रबुरशी). भिंगाखाली हिचे धागे पांढऱ्या धाग्यांना विळखे घालत होते, त्यांना भोकं पाडत होते.

"खा," शर्वी दात आवळून म्हणाली. "सगळी खा."

रोगट आठ झाडं तिने स्वतः उपटून जाळली. उरलेल्या अकरांच्या मुळाशी मित्रबुरशी मिसळली. दोन झाडं तरीही गेली. नऊ झाडांना शेंगा लागल्या, भरल्या, वाळल्या.

"आता दर वर्षी हेच घालू का?" टोळने विचारलं.

"नुसतं हेच? परत तीच चूक?" शर्वीने नवी, चौथी बशी पुढे ओढली. "याच्या जोडीला दुसरं शोधायचं. मग तिसरं."

तिचा राग अजून उतरला नव्हता. टोळने भिंग पुसून तिच्या हातात दिलं.