तक्रारीचा तास

"घे बाबा, अख्खा ग्रंथ छापून घे! आम्ही काय, इथेच मुक्काम ठोकतो."

हे मी मोठ्याने म्हणाले. मुद्दाम. परक्या देशातल्या शाळेत, झेरॉक्सच्या खोलीत, एका अनोळखी पाठीकडे बघून मराठीत फणकारायचा एवढाच तर फायदा — कुणाला ओ की ठो कळत नाही. बाहेर पाऊस कोसळत होता. माझे बूट आतून भिजले होते. माझा इथला पहिलावहिला तास सुरू व्हायला आला होता, आणि हा लांबुडका माणूस मशीनपुढून हलायला तयार नव्हता.

तो वळलासुद्धा नाही.

"ठोका की मुक्काम," तो स्वच्छ मराठीत म्हणाला. "पण पाय तेवढा उचला. वायर तुमच्या बुटाखाली आहे. तुम्ही आलात आणि मशीन बंद पडलं."

दुसरी एखादी लाजून चूर झाली असती. मला राग आला.

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"ऐकत होतो..." आता तो वळला. चष्म्यावर पावसाचे थेंब, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. "बऱ्याच दिवसांनी कुणीतरी इतकं छान ओरडलं."

छान म्हणे! मी माझे कागद कसेबसे छापून घेतले आणि तरातरा निघाले. वर्गाच्या दारात पोचते तो काय — हे महाशय माझ्या मागोमाग आत!

त्या शाळेची रीतच तशी होती. बाहेरून आलेल्या नव्या शिक्षकाच्या तासाला पहिल्या सत्रात तिथलाच एक शिक्षक वर्गात थांबायचा. फळ्याजवळ, कोपऱ्यात. मुलांनी दंगा करू नये म्हणून, आणि खरंच अडलं तर दोन शब्द त्यांच्या भाषेत सांगावेत म्हणून. माझ्या नशिबी हा आला. जन्म त्याचा तिथलाच, पण आई मराठी. मी मनात त्याचं नाव ठेवलं — दुभाष्या.

आता माझी कथा सांगते, म्हणजे माझा राग फुकटचा नव्हता हे कळेल. घरून निघताना दादा म्हणाला होता, "परदेशात जाऊन इंग्रजी शिकवणार? तू? राग नाकाच्या शेंड्यावर घेऊन? पहिल्या सत्रातच पाठवतील परत." वहिनी तोंडाला पदर लावून हसली होती. आईने तेवढं डब्यात लाडू भरता भरता "जपून गं" म्हटलं. आणि दादाचं बोलणं खरं व्हायची सोयही शाळेने करून ठेवलेली — सत्र संपताना मुख्याध्यापिका मागच्या बाकावर येऊन बसणार. वर्ग बोलता झाला असेल तर नोकरी पक्की. नसेल तर परतीचं विमान, आणि विमानतळावर दादाचं ते "मी म्हटलं नव्हतं?" मी एक वेळ उपाशी राहीन, पण ते ऐकणार नाही.

आणि वर्ग? पंधरा-सोळा वर्षांची पोरं, सगळी मिठाची गुळणी धरून बसलेली. तिथे चुकीचं उत्तर देण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं पोरांच्या हाडीमाशी भिनलेलं. मी विचारायची, ती बाकाकडे बघायची. मी हसायची, ती खिडकीकडे बघायची. पहिला आठवडा मी घरी येऊन उशीला बुक्के मारले.

मग एकाएकी, दुसऱ्या आठवड्यात, चमत्कार झाला. मी काहीही विचारलं की हात वर! "छत्री" विचारा, "उशीर" विचारा, पाठातला अवघडातला अवघड शब्द विचारा — उत्तर तयार. मी तरंगतच होते. दादाला फोन करून म्हटलंसुद्धा, "पोरं अशी बोलतायत म्हणून सांगू!"

"अभिनंदन, बाई," दुभाष्या बसथांब्यावर म्हणाला. आमची बस एकच होती. छत्री मात्र त्याची, कारण माझी वाऱ्याने उलटी होऊन मेली होती.

"तुमचं काय त्यात? तुम्ही तर नुसते कोपऱ्यात उभे."

"खरंय." तो हसला. "मी आपला फुकटचा पगार खातो."

"लाज नाही वाटत?"

"वाटते की. पण तुम्ही ओरडलात की कमी होते."

"मी ओरडत नाही!"

थांब्यावरच्या सगळ्यांनी वळून बघितलं. तो छत्री माझ्याकडे कलती करून उभा होता... त्याचा एक खांदा पूर्ण भिजला होता. मला ते दिसलं, आणि दिसलं म्हणून स्वतःचाच राग आला. असल्या गोष्टी बघायला आले होते का मी सातासमुद्रापार?

"घरी कुणाशी बोलता मराठी?" मी विचारलं. नुसती चौकशी म्हणून हं.

"आई होती तोवर तिच्याशी. आता... भिंतींशी. पण भिंती उलटून बोलत नाहीत."

त्या दिवसापासून मी बसमध्ये त्याच्याशी रोज भांडले. तिकिटावरून, खिडकीवरून, चहात साखर किती यावरून. सुट्टीच्या दिवशी भांडायला कुणी नसायचं, तर दिवस जाता जायचा नाही.

आणि मग तो दिवस. भर दुपारी आभाळ इतकं दाटून आलं की वर्गात दिवे लावावे लागले. पाठ होता तक्रारीचा. हॉटेलातलं जेवण थंड आहे, खोलीतला पंखा चालत नाही, हे नम्रपणे कसं सांगायचं. मी "गळका नळ" विचारला. सगळे हात वर. मी खूश होऊन खिडकी लावायला वळले, आणि अंधारलेल्या काचेत अख्खा वर्ग आरशासारखा दिसला. माझ्या पाठीमागे, फळ्याजवळ, दुभाष्या एका हाताने नळ पिळत होता आणि दुसऱ्या हाताची बोटं टपटप हलवत होता. पोरांचे डोळे त्याच्यावर. ओठावर हसू.

म्हणजे इतके दिवस पोरांना मी कळतच नव्हते! माझ्या पाठीमागे नाटक चाललं होतं, आणि मी येडी दादाला फोन करून मिरवत होते!

तळपायाची आग मस्तकात गेली. मी गर्रकन वळले.

"बाहेर हो!" मराठीत. अरे-तुरेत. सगळ्या वर्गासमोर. "आत्ताच्या आत्ता! आणि परवा मुख्याध्यापिका येतील तेव्हा या वर्गात पाऊल टाकलंस तर याद राख!"

पोरांना शब्द कळले नसतील, पण दाराकडे रोखलेलं बोट कळायला भाषा लागत नाही. त्या शाळेत शिक्षकाविरुद्ध मुलांसमोर कुणी ब्र काढत नाही. तो पांढराफटक पडला. हवेतला हात खाली घेतला आणि गेला. बसमध्येही दिसला नाही, ना त्या दिवशी, ना दुसऱ्या.

बरं झालं, मी म्हटलं. पीडा गेली. आणि रिकाम्या सीटशेजारी बसून खिडकीबाहेर बघत राहिले.

परीक्षेचा तास उजाडला. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर येऊन बसल्या — बारीक केस कापलेल्या, ताठ. मी पाठ सुरू केला. पहिला प्रश्न. शांतता. दुसरा. शांतता. पोरं फळ्याजवळच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होती आणि मग माझ्याकडे, अशा नजरेने, जणू मी कुणाचं तरी मांजर मारलंय. मला डोळ्यांपुढे विमानतळ दिसायला लागला. दादा दिसायला लागला.

मी पुस्तक धाडकन मिटलं.

"ठीक आहे," मी इंग्रजीत म्हणाले. "माझा राग आलाय ना तुम्हाला? मग गप्प काय बसता? तक्रारीचाच तास आहे. करा तक्रार!"

कुणी हललं नाही. मग शेवटच्या रांगेतली सगळ्यांत उंच मुलगी उभी राहिली. वर्षभरात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता म्हणे. मोडक्या इंग्रजीत, एकेक शब्द उचलून ठेवत ती म्हणाली, "तुम्ही सर बाहेर काढले. हे... बरोबर नाही."

"त्यांनी मला फसवलं!"

"नाही!" पुढच्या बाकावरचा चष्मेवाला ताडकन उठला. "आम्ही सांगितलं सरला. आम्ही. सर नाही म्हणाले. आम्ही पुन्हा सांगितलं."

"का पण?"

"आम्हाला समजत नाही, तेव्हा तुमचं तोंड..." त्याने शब्द शोधला, सापडला नाही, आणि तोच कशाला, अख्ख्या वर्गाने तोंड पाडून दाखवलं. "आम्हाला आवडत नाही."

"मी काय काचेची आहे? मला विचारायचं होतं!"

"तुम्ही खूप जलद बोलता!" एक.

"तुम्ही थांबत नाही!" दुसरी.

"मी चूक बोललो तर तुम्ही लगेच दुरुस्त. मग मी बोलत नाही!"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आधी विचारलं नाही!"

मी ओरडत होते, पोरं ओरडत होती, क्रियापदं वाट्टेल तशी पडत होती, आणि मी एकही उचलून सरळ केलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते रागाचं होतं असं मी अजूनही म्हणते.

तास संपला. मुख्याध्यापिका दाराशी थांबल्या.

"कोपऱ्यावरच्या पेपरवाल्यापर्यंत आवाज गेला असेल," त्या म्हणाल्या. "हा वर्ग इतका बोललेला मी कधी ऐकला नव्हता. पुढच्या सत्राला या. जरा सावकाश बोला." मग थांबून, "आणि त्या सरांची माफी मागा."

तो जिन्यात सापडला. मधल्या पायरीवर, खिडकीतून पाऊस बघत.

"ते वर्गासमोर जे झालं... ते चुकलं माझं," मी म्हणाले. "पण तुमचंही चुकलंच!"

मला वाटलं, हसेल. नेहमीसारखं काहीतरी गोड बोलेल. तो उठला. त्याचे कान लाल झाले होते.

"रागावता फक्त तुम्हालाच येतं का?" त्याचा आवाज जिनाभर घुमला. "पोरांसमोर हाकललंत मला! एक शब्द विचारला नाहीत! दोन दिवस मी शिक्षकांच्या खोलीत चोरासारखा बसतोय!"

मी एक पायरी मागे हटले. आयुष्यात पहिल्यांदा.

"मी नाही म्हणत होतो पोरांना," तो आवाज जरा खाली आणत म्हणाला. "मग पहिल्या आठवड्यात एकदा तुम्ही रिकाम्या वर्गात टेबलावर डोकं ठेवून बसलेल्या दिसलात. तुम्ही परत गेलात तर... म्हणून केलं. पोरांसाठी नाही. माझ्यासाठी केलं. बस्स. आता घाला शिव्या."

"दया आली?"

"दया? अहो, दया आलेला माणूस रोज दोन स्टॉप आधी उतरून, तुमच्याबरोबर चालत, शिव्या खात जाईल का?"

"दोन स्टॉप...?" माझा आवाज चिरकला. "म्हणजे तुझं घर पुढे आहे? आणि हे तू मला आत्ता सांगतोयस?"

"हो."

"अजून काय काय लपवलंयस?"

"एवढंच की... मला तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून. झालं, संपली यादी."

पाऊस खिडकीवर आपटत होता. वरून पोरांचा गोंगाट येत होता. मला त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटत होतं.

"मलाही आवडतोस," मी म्हणाले, "आणि त्याचाच भयंकर राग येतोय मला! दोन दिवस त्या बसमध्ये मी कुणाशी बोलले असेन? ऐक — माझ्यासाठी म्हणून माझ्या पाठीमागे काही करायचं नाही. अडलं तर पडू दे मला. भांडायचं तर असं, समोर उभं राहून. आत्ता भांडलास तसं."

"जमेल," तो म्हणाला. मग हळूच, "आत्ताचं संपलं का पण?"

"छे! आत्ताशी तर सुरुवात आहे."

"किती दिवस चालेल?"

मी दोन पायऱ्या वर चढून त्याच्या बरोबरीला आले, म्हणजे नीट डोळ्यांत बघून सांगता यावं.

"घाई काय आहे?" मी म्हणाले. "मी आता इथेच आहे."