पदराच्या गाठीतला गूळ

"खारट हाय," चांगुणा म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिनं जीभ चावली.

पण आता जीभ चावून काय उपयोग? मालकानं स्वतः उसाच्या पानावर घातलेला गरम गूळ तिच्या हातात होता, त्याची वाफ नाकात होती, आणि समोर गुऱ्हाळाच्या चुलवणाच्या तोंडाशी बसून चिपाडं आत सारणारा एक काळाकुट्ट माणूस मान वर करून तिच्याकडे बघत होता. काळाकुट्ट म्हणजे रंगानं नव्हे, धुरानं आणि राखेनं. त्या सगळ्या काजळीत डोळे तेवढे दोन लखलखीत.

"काय म्हनलात?"

"काही न्हाई."

"न्हाई कसं? मी ऐकलं की."

"मग इचारता कशाला?"

तो हसला. काजळीत दातही पांढरेशुभ्र दिसले आणि चांगुणाला उगीचच पदर सारखा करावासा वाटला.

एकाहत्तरचा पौष होता. चांगुणा पहिल्यांदाच प्रवरेच्या पाटावर आली होती. तिचं गाव पाथर्डीच्या पलीकडं, डोंगराकडेला. तिकडं ऊस जत्रेत दिसायचा, आणि गूळ म्हणजे बाजारातून आणून फडक्यात बांधून ठेवायची वस्तू. थोरली बहीण रंगूबाई राहुरीजवळ दिलेली. तिचा नवरा सहादेव, म्हणजे चांगुणाचे दाजी, गुऱ्हाळांचे मोठे शौकीन. गुऱ्हाळं पेटली की दाजींचे पाय घरी ठरत नसत. पाटाच्या कडेनं मळे, आणि मळ्यामळ्यात ज्याचं त्याचं घरचं गुऱ्हाळ. बाप काहिलीपाशी, पोरं चरकापाशी, सासवा-सुना उसाच्या मोळ्या वाहताहेत. दाजी गाडी जुंपायचे, पाहुण्यांना बसवायचे आणि एकेका गुऱ्हाळावर उतरवून रस पाजायचे, काकवी चाखवायचे, गरम गूळ खायला घालायचे. आलेल्याकडून कुणी पैसा घ्यायचा नाही, आणि आलेल्यानं कुणी नाव ठेवायचं नाही. पाटावरचा एवढा एकच कायदा, पण तो कुणी मोडल्याचं ऐकिवात नव्हतं.

चांगुणानं तो पहिल्याच गुऱ्हाळावर मोडला. निघताना आईनं बजावलं होतं, "लोकाच्या दिल्याघेतल्याला नाव ठिवू नगंस." आणि ही बया!

"चुकले," ती हळूच म्हणाली. "मालकाला सांगू नका."

"उलट मालकापुढंच परत म्हना, असं मी म्हनतोय. मालक म्हंजी माझा बाप. मी गोरक्ष."

हे गुऱ्हाळ दाजींच्या मामांचं, आप्पासाहेबांचं, एवढं तिला ठाऊक होतं. पण त्यांचा मुलगा असा जाळापुढं बसला असेल हे कुणाच्या ध्यानात येणार?

"परवाच संक्रांत झाली," गोरक्ष म्हणाला, "आन तुमी असलं बोलता. पन खरं बोललात. दोन वर्सं झाली, सगळा गाव येतो, खातो, आन 'लई ग्वाड' म्हनून जातो. मी सांगतो तर आप्पा म्हनत्यात, तुला काय कळतं." त्यानं हातातल्या चिपाडानं पलीकडचं रान दाखवलं. उसाच्या सऱ्यांमध्ये जमीन पांढरी पडली होती, जणू कुणी पीठ सांडलंय. "मीठ फुटलंय. पाटाचं पानी पाजून पाजून जिमीन खारावली. आता ऊस बंद करून पानी काढायला चर खनायचे, खताला ताग पेरून गाडायचा, तर वाचंल. न्हाईतर माझ्या पोराबाळांना हितं कुसळ बी..."

"पोरंबाळं हायेत तुमाला?" चांगुणानं पटकन विचारलं.

"अजून लगीन न्हाई झालं."

चांगुणा काहिलीतल्या बुडबुड्यांकडे बघू लागली. बुडबुडे फार महत्त्वाचे असल्यासारखं.

एवढ्यात पटका सावरत आप्पासाहेबच आले. उंच, ताठ, मिशांना काकवी लागलेली. "काय पोरी, कसा हाय आमचा गूळ?"

गोरक्षनं मान वर केली. चांगुणानं एकदा त्याच्याकडे, एकदा आप्पासाहेबांच्या त्या आनंदी चेहऱ्याकडे पाहिलं.

"गरम हाय," ती म्हणाली.

गोरक्षला धुराचा ठसका लागला. तो बराच वेळ गेला नाही.

आप्पासाहेबांना पाहुणी फारच पसंत पडली. "चला, म्या बी येतो तुमच्याबरूबर. बाकीच्यांनी यंदा काय काळं केलंय ते तरी बघू. गोरक्षा, छगन गड्याला बसव जाळापाशी आन गाडी हाक."

पाटावर तोंड धुऊन गोरक्ष आला तेव्हा चांगुणानं त्याचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. मग तिनं ठरवलं की आता वाटेवरची बाभळीची झाडं मोजायची. तीनच्या पुढं तिला मोजता आली नाहीत.

चांदभाईंच्या गुऱ्हाळावर त्यांच्या आईनं, हाजराबींनी, पितळी वाटीत काकवी दिली. सोनेरी, संथ. वाटीतून बोटावर उतरायलासुद्धा तिला घाई नव्हती. "खा बेटी, पोट भरके खा," म्हणत म्हातारीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघताना एक खडा हातात ठेवला. आक्काबाईच्या गुऱ्हाळावर सगळा बायकांचा कारभार. नवरा गेल्यावर आक्काबाई आणि तिच्या दोन सुनांनी चुलवण विझू दिलं नव्हतं. तिथला गूळ पिवळाधमक, तोंडात टाकला की विरघळणारा. थंडगार रसाचा तांब्या तोंडाला लावताना चांगुणाचे डोळे भरून आले. आपल्या गावात विहिरीत पोहरा टाकून पाणी झिरपायची वाट बघत बसावं लागतं, आणि इथं अनोळखी बाया तिला आग्रहानं अमृत पाजत होत्या. किती जणांचे उपकार घेऊन जाणार मी, असं तिला वाटलं आणि तिनं आक्काबाईला वाकून नमस्कार केला.

प्रत्येक ठिकाणचा एकेक खडा ती पदराला गाठ मारून ठेवत होती. गाडीत गोरक्षनं मागं न बघताच विचारलं, "कुनाला एवढा साठा?"

"आईला. तिनं असला ताजा गूळ कधी बघितला न्हाई."

"आमचा बी बांधला का?"

"बांधलाय की. सगळ्यात आधी."

"खारट असून?" त्यानं आवाज खाली आणला.

"दिल्यालं टाकायचं नसतं."

"आन नाव ठिवायचं असतं?"

"तुमी गाडी हाका — बैल वाट सोडून निघालेत."

बैल खरोखरच वाट सोडून शेजारच्या हरभऱ्यात तोंड घालायला निघाले होते. आप्पासाहेब ओरडले, "आरं, ध्यान कुठं हाय तुझं?" ते कुठं होतं हे गाडीतल्या दाजींना आणि रंगूबाईला केव्हाच कळलं होतं.

उन्हं उतरली तेव्हा बैलांना पाणी दाखवायला गाडी पाटावर थांबली. सगळे काठावर टेकले. पोटं भरलेली, वारा गार, आप्पासाहेब रंगात. "ह्या पाटावरचं कुठलंबी गुऱ्हाळ घ्या. डोळं झाकून खडा तोंडात टाका. नाव न्हाई सांगितलं तर मिशी उतरवीन!"

"बघू बरं," दाजी म्हणाले. "चांगुणा, सोड गाठी."

तिनं सगळ्यात आधीची गाठ मागं ठेवून एक सोडली. आप्पासाहेबांनी डोळे मिटून खडा चघळला. "चांदभाई. रसाची मळी काढायला भेंडीचं पानी झ्याक घालतो गडी." दुसरी सोडली. "आक्काबाई. तिच्या हाताला तोड न्हाई." सगळे हसले. तिसऱ्या गाठीशी चांगुणाचा हात थांबला. तिनं पदर मुठीत धरला. गोरक्ष बैलांपाशी उभा होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली... नको. सकाळपासून ज्याला बापापुढं हे आणायचं होतं, तोच आता नको म्हणत होता. एवढ्या आनंदात असलेल्या बापाला दुखवायचं त्याच्या जिवावर आलं.

"आजून एक गाठ दिसतीया की. आन हिकडं!"

आप्पासाहेबांनी खडा तोंडात टाकला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. दिवसभर गोड गूळ खाऊन निर्मळ झालेली जीभ. तिला काही लपवता आलं नाही.

"ह्यॅ! खारट. कुनाचा रं ह्यो?" त्यांनी डोळे उघडले. "बिचारा! जिमीन चालली त्याची. पानी पाजून पाजून मारली. त्याला कुनी सांगत कसं न्हाई?"

दाजींनी घाईनं सावरून घेतलं. "आसंल मामा, वाटंत कुनीतरी दिला आसंल."

तिथं तिला गप्प बसता आलं असतं. दाजींनी वाट काढून दिली होती, गोरक्षनं मान हलवली होती, आईनं बजावलं होतं. पण सकाळी याच माणसानं स्वतःच्या हातानं तिच्या पानावर पहिला गूळ घातला होता. ज्याचं खाल्लं, त्याचं रान डोळ्यांदेखत जाताना 'गोड आहे' म्हणणं हे कसले उपकार फेडणं?

"मामा," ती म्हणाली, "त्यो तुमचा हाय."

आप्पासाहेब पाटाच्या पाण्याकडे बघत राहिले. मग उठले आणि गाडीत न बसता बांधाबांधानं एकटेच घरी गेले.

रात्री दाजी जेवले नाहीत. "माझ्या मामाच्या तोंडावर... आता कुठल्या तोंडानं जाऊ त्यांच्याकडं?" रंगूबाईनं तिला जवळ घेतलं तेव्हा चांगुणा ढसाढसा रडली. "आक्का, त्यांचं दार मला बंद झालं गं." "कुनाचं, मामांचं?" रंगूबाईनं विचारलं. चांगुणानं पदरात तोंड लपवलं, आणि बहिणीनं पुन्हा विचारलं नाही. एका दिवसात एवढं काही होतं का? होतं. बाभळी मोजता येईनाशा झाल्या तेव्हाच झालं होतं.

सकाळी ती अंगणात आली. पाटाच्या काठानं गुऱ्हाळांचे धूर सरळ वर चढत होते. आप्पासाहेबांच्या मळ्यावर मात्र धूर नव्हता. तिनं आत जाऊन पिशवी भरायला घेतली. दुपारच्या एसटीनं गेलेलंच बरं.

पिशवीचं तोंड बांधत होती तोच बाहेर खाकरल्याचा आवाज आला. दारात आप्पासाहेब, आणि त्यांच्यामागं गोरक्ष. दोघांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, खांद्यावर कुदळी.

"काहील उतरवली," आप्पासाहेब म्हणाले. कुणी विचारण्याआधीच. "दिस उगवायच्या आदी चराला कुदळ लावली. हातभर खनलं, तर खाली नुसतं पानीच पानी. माझा पोरगा बरूबर हुता." मग ते चांगुणासमोर येऊन उभे राहिले. तो ताठ माणूस जरासा वाकला. "पोरी, दोन वर्सं लोकांनी माझा खारट गूळ ग्वाड म्हनून खाल्ला. त्यांचा बी राग न्हाई, मायेनंच खाल्ला. पन माझं रान तू वाचवलंस. तुझे उपकार हायेत माझ्यावर."

"मामा, आसं नका म्हनू..." ती पाया पडायला वाकली.

आप्पासाहेब दाजींकडे वळले. "सहादेवा, पाथर्डीची गाडी कवाची? मला हिच्या बापाला भेटायचंय. पन आदी पोरीला इचारू दे. गोरक्षा, बोल काय बोलायचं ते. तवर म्या च्या पितो." आणि ते घरात गेले. दाजींना हाताला धरून आणि रंगूबाईलाही बोलावून घेऊन गेले.

गोठ्याच्या सावलीत दोघंच राहिले. काल गाडीत बडबडणारा गोरक्ष आता कुदळीच्या दांड्यावरचा चिखल नखानं काढत होता.

"एक सांगायचं राहिलं," तो शेवटी म्हणाला. "तीन वर्सं तरी ऊस न्हाई. गुऱ्हाळ पेटनार न्हाई. तुमी रस प्यालात, काकवी खाल्लीत, ते बघून हिकडं याल... तर तसलं काहीच न्हाई. नुसतं चर, ताग, आन चिखल. पानीसुद्धा जपून वापरायचं."

चांगुणानं त्याच्याकडे सरळ पाहिलं. आज मोजायला बाभळी नव्हत्या.

"मी कुठल्या गावची, ठावं हाय न्हवं? पानी जपायला मला कुनी शिकवायला नगं."

"म्हंजी... याल?"

"माझ्या बोलन्याचा राग नसंल येनार, तर."

"त्या बोलन्यासाठीच तर..." त्यानं खिशात हात घातला आणि पानात गुंडाळलेला एक खडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. "शेवटच्या ढेपंतला हाय. तुमची तिसरी गाठ काल मोकळी झाली. आईकडं न्यायला."

तिनं पान उघडलं. खडा फोडला, अर्धा पदराला बांधला आणि अर्धा तोंडात टाकला. तो तिच्याकडे टक लावून बघत होता, काल सकाळी त्या धुरात बघितलं होतं तसंच.

"कसा हाय?"

"खारटच हाय," चांगुणा म्हणाली, आणि आणखी मिळावा म्हणून हात पुढं केला.